अल्पमोली जिन्नस आणि बँडची कीर्ती

संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळी नाट्यपदांची, आणि पुढे बोलपट आल्यावर त्यांतील गाण्यांची पातळशी पुस्तिका थिएटराच्या दारातच अल्प किमतीला मिळत असे. खेळ सुटल्यावर ती खिशात घालून घरी गेलेला प्रेक्षक दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून तीच पदे चुकतमाकत गुणगुणू लागला, म्हणजे मुखपृष्ठावरचे मंडळीचे नाव त्याच्या घरातल्या लहानथोरांच्या दृष्टीस आपोआप पडे. जाहिरातशास्त्र हा शब्दही त्या मंडळींच्या चालकांच्या कानी गेला नसेल. तथापि गाणे हवेत विरते, आणि गाणाऱ्याचे नाव श्रोत्याच्या घरी पोचवायचे तर त्याला काही वाहन दिले पाहिजे, हे त्यांच्या व्यवहारी बुद्धीला स्वच्छ दिसत होते.

स्वतःची गाणी स्वतःच रचून गाणारे जे बँड आज पुण्या-मुंबईपासून नाशिक-कोल्हापूरपर्यंत महाविद्यालयांतून उभे राहत आहेत, त्यांची अडचण याच जातीची, किंबहुना अधिक बिकट आहे. नाटक मंडळीला निदान रात्रभर तरी प्रेक्षक निर्वेध लाभत असे. २०१० साली पुण्यात सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडरसारख्या महोत्सवात किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या संमेलनात मात्र एकामागून एक अनेक बँड वाजवून जातात, आणि घरी पोचेपर्यंत श्रोत्याच्या मनात चाल तेवढी उरते, ती कोणाची हे निसटून जाते. गाणे मोबाइलवर फुकट मिळते हे खरे. पण शोधावयाचे तर आधी नाव आठवावे लागते. या विस्मृतीवर उपाय म्हणून बिल्ला, स्टिकर, पिक, कापडी पिशवी असल्या अल्पमोली जिनसांची योजना कशी करावी, याविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत. आणि ज्यांच्या गाठीला दोन-तीन हजारांहून अधिक रोकड नाही, अशांनाच उद्देशून हा मजकूर आहे.

जिन्नस निवडताना कसोटी एकच लावावी: ज्याने तुमचे एकही गाणे ऐकलेले नाही, त्यालाही ही वस्तू हातात आल्यावर ठेवून घ्यावीशी वाटेल काय? संक्रांतीच्या हळदीकुंकवात लुटलेल्या वाणाचा हिशेब कोणत्याही अनुभवी गृहिणीला विचारावा. एका घरची छोटीशी गाळणी वर्षानुवर्षे स्वयंपाकघरात राबते, आणि चहा गाळताना देणारीचे नाव मधूनमधून निघत राहते. दुसऱ्या घरची प्लॅस्टिकची साबणपेटी रथसप्तमी उलटण्याच्या आत अडगळीत पडते. आणि खर्च पाहू गेल्यास दोन्ही यजमानिणींचा जवळपास सारखाच झालेला असतो. बँडचे नाव ठळक छापलेले, पण न उमटणारे पेन हे साबणपेटीच्या वर्गातले. त्यावर दमडीही घालू नये.

परंतु जिनसाच्याही आधी खूण ठरली पाहिजे. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीची तुतारी फुंकणारी स्त्री ज्यांनी पडद्यावर पाहिली, त्यांना कंपनीचे नाव वाचण्याची गरज उरली नाही. अक्षरओळख नसलेला प्रेक्षकही ती आकृती पाहून चित्रपट कोणाचा हे सांगू शके. रोलिंग स्टोन्स या इंग्रज बँडची ओठांबाहेर आलेली लालभडक जीभही अशीच जगभर ओळखली जाते. १९७० साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील जॉन पाश या विद्यार्थ्याने ती ५० पौंडांच्या मोबदल्यात काढली, आणि तिचे बीज बँडचा गायक मिक जॅगर याने त्याला दाखविलेल्या कालीमातेच्या चित्रात होते, ही गोष्ट आपल्या वाचकांना रोचक वाटावी. पुढे २००८ साली तेच मूळ चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने सुमारे ५० हजार पौंडांना विकत घेतले. या दोन्ही खुणांत समान गुण असा, की त्या अंगठ्याच्या नखाएवढ्या केल्या तरी ओळखू येतात आणि एका रंगात छापल्या तरी बिघडत नाहीत. ज्या चित्रात डोंगर, गिटार, उगवता सूर्य आणि पाचही सभासदांचे चेहरे एकत्र नांदतात, ते भिंतीवरच्या पडद्याला शोभेल, बिल्ल्यावर त्याचा चिखल होईल.

खूण बहुधा एखादा चित्रकार मित्र स्नेहापोटी काढून देतो, आणि येथेच भावी तंट्याचे मूळ असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील १९व्या कलमान्वये हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. आणि त्या लेखात मुदत नमूद केलेली नसेल तर ती ५ वर्षांची, व प्रदेश नमूद केलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. तेव्हा मोबदला पाचशे रुपये असो की एक वेळचे जेवण असो, ‘अमुक चित्राचे सर्व हक्क, सर्व प्रदेशांसाठी, हक्काच्या संपूर्ण मुदतीपर्यंत अमुक मोबदल्यात दिले’ अशा आशयाचा चार ओळींचा करारनामा सहीनिशी करून ठेवावा. मैत्रीत कागद कशाला, असे म्हणणारा मित्र तुमचे नाव होईपर्यंतच तसे म्हणतो. ट्रेडमार्कची नोंदणी मात्र पहिल्या वर्षी करावयाची निकड नाही; ऑनलाइन अर्जाला व्यक्तीस प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क पडते, आणि तेवढ्या रकमेत तुमचा पहिला माल सहज उभा राहील.

आता बिल्ल्याकडे वळू. सर्व जिनसांत मी त्याला अग्रस्थान देतो. पत्र्याच्या गोल टोपणावर छापील कागद, त्यावर पारदर्शक पटल आणि मागे टाचणी, अशी ही रचना अमेरिकेत नेवार्कच्या व्हाइटहेड अँड होग या कंपनीने १८९६च्या सुमारास पेटंटाखाली आणली, आणि त्याच वर्षीच्या मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन या अध्यक्षीय निवडणुकीत तिचा पहिला मोठा खप झाला. त्या वेळी सेल्युलॉइड वापरीत, आता पॉलिएस्टरची पातळ फिल्म वापरतात, बाकी घडण तीच आहे. अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्ली ऐन भरात असताना त्याचा व्यवस्थापक कर्नल पार्कर याने ‘मला एल्व्हिसचा तिटकारा आहे’ अशा अर्थाचेही बिल्ले विकले, म्हणजे निंदकाचा पैसादेखील घरच्याच पेटीत पडावा, असे सांगतात. ही धूर्तता अनुकरणीय नसली तरी बिल्ल्याचे सामर्थ्य तीतून कळते. पुढे १९७६-७७च्या सुमारास इंग्लंडात पंक संगीताची लाट उठली, तेव्हा ज्यांच्यापाशी तबकडी विकत घेण्यापुरते पैसे नव्हते अशी पोरे जाकिटाच्या कॉलरवर बँडचे बिल्ले ओळीने लावून हिंडत, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या अपरिचिताला नव्या बँडांची नावे त्यांच्या छातीवरच वाचावयास मिळत. स्टिकर कोठेतरी चिकटतो. बिल्ला मात्र माणूस स्वतःच्या अंगावर मिरवतो, आणि कोणी विचारले तर तुमच्या वतीने उत्तरही देतो.

बिल्ल्याचे प्रचलित व्यास २५, ३२, ४४ आणि ५८ मिलिमीटर. निवडणुकीतला व मंडळाच्या स्वयंसेवकांचा बिल्ला मोठा असतो, म्हणून नवशिके बँडही ५८चाच करावयास धावतात. परंतु तरुण मुलगा-मुलगी दप्तराच्या पट्ट्यावर किंवा जाकिटाला आनंदाने लावतात तो लहान, २५ किंवा ३२चा. मोठा बिल्ला लावणाऱ्याला आपण कोणाचे तरी स्वयंसेवक आहोत असे वाटू लागते. चित्र तयार करताना ध्यानात ठेवावे की कागद बिल्ल्याच्या कडेवरून मागे दुमडला जातो; ५८च्या बिल्ल्याला सुमारे ७० मिलिमीटरचे वर्तुळ कापावे लागते, म्हणून पार्श्वभूमीचा रंग कडेबाहेर सोडावा आणि अक्षरे कडेपासून चांगली आत ठेवावीत. छापखान्याकडून याचा नमुना-आराखडा आधी मागून घ्यावा.

देवनागरीची म्हणून काही निराळी पथ्ये आहेत, आणि ती इंग्रजी नमुने पाहून चित्र करणाऱ्यांना ठाऊक नसतात. वर्तुळाच्या कडेने वळविलेली रोमन अक्षरे शोभतात. देवनागरी तशी वळविली की शिरोरेषा जागोजागी तुटते आणि जोडाक्षरे विस्कटतात, म्हणून नाव आडवेच, हवे तर दोन ओळींत मांडावे. बारीक टाइपात अनुस्वार, रफार व उकार हे प्रथम बळी पडतात, तेव्हा वळण ठळक घ्यावे आणि नमुना मूळ आकारातच कागदावर छापून हातभर अंतरावरून वाचून पाहावा. संगणकाच्या पडद्यावर फुगवून पाहिलेले अक्षर फसवे असते. शिवाय छापखान्यातल्या संगणकावर तुमचा फाँट असेलच असे नाही, आणि युनिकोडमधला मजकूर तेथे उघडला की वेलांट्या भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात; म्हणून फाइल ‘कर्व्ह’ करून द्यावी, म्हणजे अक्षरे चित्ररूप होऊन स्थिर राहतात. पडद्यावरचा झळझळीत निळा कागदावर जांभळट उतरतो, हेही सांगून ठेवतो. प्रूफ पाहिल्यावाचून छपाईस रुकार देऊ नये. घाईच्या वेळी छापखानेवाला ‘साहेब, काही फरक पडत नाही’ असे म्हणेल, त्या वेळी तर मुळीच देऊ नये.

वर्षाकाठी तीन-चार वेळा बिल्ले लागणार असतील, तर हाताने दाबावयाचे यंत्र दोन-तीन बँडांनी वर्गणी करून घेणे फायद्याचे ठरते, कारण मग वीस बिल्लेही करता येतात आणि एखाद्या कार्यक्रमापुरता वेगळा नमुना काढता येतो. एरवी कारागिराकडूनच करवून घ्यावेत. मात्र निवडणुका आणि गणेशोत्सव यांच्या आधीचे काही आठवडे टाळावेत. त्या काळात लालबागेतल्या निवडणूक-साहित्याच्या दुकानांपासून तालुक्याच्या गावच्या रबरी शिक्केवाल्यापर्यंत सर्वांचे हात गुंतलेले असतात, आणि शंभर बिल्ल्यांचे गिऱ्हाईक तेथे रांगेच्या शेवटी उभे राहते.

स्टिकर हा बिल्ल्याहून स्वस्त, म्हणून फुकट वाटावयास योग्य. कागदी स्टिकर पाण्याने गळतो. पाण्याची बाटली, हेल्मेट आणि लॅपटॉप या तीन जागा जिंकावयाच्या असतील तर व्हिनाइलचा आणि वर लॅमिनेशन केलेलाच घ्यावा. उन्हात पिवळा व गुलाबी हे रंग लवकर उडतात, काळा टिकतो. भिंती, विजेचे खांब व बसथांबे यांवर स्टिकर डकविण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा १९९५चा कायदा आहे, आणि खांबावरच्या स्टिकरवर तुमचे नाव छापलेले असल्यामुळे आरोपी शोधण्याचे श्रम सरकारला पडत नाहीत.

गिटारचा पिक ही फार गोड वस्तू आहे. अमेरिकेतील चीप ट्रिक या बँडचा रिक नील्सन कार्यक्रमात मुठीमुठीने पिक उधळण्याबद्दल प्रसिद्ध आहे. आपल्याला तेवढी उधळपट्टी परवडण्याजोगी नसली, तरी प्रत्यक्ष वाजविलेला पिक शेवटच्या गाण्यानंतर पहिल्या रांगेतल्या एखाद्या मुलाच्या हातावर ठेवण्यास काय खर्च येतो? पिक कापण्याचा हातपंच मिळतो, आणि मुदत संपलेल्या बँक-कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर, म्हणजे मध्यम पिकाइतकीच भरते. अंकांचा भाग वगळून उरलेल्या कोऱ्या जागेचे पिक होतात, आणि त्यांवर खुणेचा लहान शिक्का कायम शाईने उमटविता येतो. मात्र वाद्य न वाजविणाऱ्याला पिकाचे कौतुक बेताचेच, म्हणून तो विक्रीचा माल समजू नये.

कापडी पिशवीचे तसे नाही. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून मांजरपाटाची साधी पिशवी हरएक घरात खपते, आणि एका रंगाच्या स्क्रीन-छपाईत तिची किंमत आटोक्यात राहते; रंग वाढला की प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते आणि दर चढतो, हे सूत्र सर्वच कापडी छपाईला लागू आहे. येथेच एक इशारा द्यावासा वाटतो. १ जुलै २०२२पासून देशभर ज्या एकेरी वापराच्या प्लॅस्टिक वस्तू निषिद्ध ठरल्या, त्यांत प्लॅस्टिकचे झेंडे, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलक यांचा समावेश आहे. तेव्हा स्वस्त म्हणून हातझेंड्यांची ऑर्डर देण्यापूर्वी विचार करावा.

टी-शर्टाविषयी मुद्दाम शेवटी लिहितो, कारण प्रत्येक नव्या बँडचे पहिले स्वप्न तेच असते आणि पहिले नुकसानही बहुधा तेथेच होते. बिल्ल्याला माप नसते. टी-शर्टाला चार-पाच मापे असतात, आणि कोणतेही गणित केले तरी मध्यम माप आधी संपून सर्वांत लहान व सर्वांत मोठे माप ड्रमवाल्याच्या घरी कपाटात पडून राहते. श्रोतेच आपण होऊन मागणी करू लागले, आणि ती मागणी नाव, माप व आगाऊ रक्कम यांसह वहीत उतरली, म्हणजेच तिरुपूरच्या कापडाचा विचार करावा, तोपर्यंत नाही.

वस्तूवर क्यूआर कोड छापावा की नाही? स्टिकरच्या मागच्या कागदावर अवश्य छापावा, दर्शनी बाजूस छापू नये. छातीवर चौकोनी ठिपक्यांचे जाळे मिरविण्याची हौस कोणालाच नसते. कोड दोन सेंटिमीटरहून लहान नसावा, त्याच्या भोवती पांढरी चौकट सोडावी, आणि ज्या सेवांचे मासिक शुल्क थकताच कोड मुका होतो त्या टाळून थेट पत्त्याचा कोड करावा, कारण छापलेला माल मागे घेता येत नाही.

किमतीचा अंदाज उदाहरणाने सांगतो. दर ठिकाणपरत्वे बदलतील. समजा २०० बिल्ले प्रत्येकी १२ रुपयांना पडले, म्हणजे २,४०० रुपये खर्ची पडले. त्यांतले ५० वाटावयास राखून ठेवले, १० खराब वा गहाळ झाले, आणि उरलेले १४० बिल्ले ३० रुपयांनी विकले, तर ४,२०० रुपये जमा होऊन १,८०० शिल्लक राहतात. ही शिल्लक चहापाण्यात न उडविता पुढच्या मालास लावावी, आणि तिची कीर्द अशा सभासदाच्या हाती द्यावी की ज्याला गाण्यापेक्षा हिशेबाची खोड अधिक आहे. प्रत्येक बँडात असा एक असतो आणि इतर त्याची थट्टा करतात. किंमत वीस, तीस, पन्नास अशी सुटसुटीत ठेवावी. दोन बिल्ले आणि एक स्टिकर मिळून पन्नास, अशी जोडणी केल्यास एकच घ्यावयास आलेला दोन घेऊन जातो.

वाटावे कोणाला आणि विकावे कोणाला, याचे तारतम्य किमतीहून महत्त्वाचे आहे. दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बिल्ला कोंबला, तर तो जाताना पायरीवर सांडलेला सापडतो. तोच कार्यक्रमानंतर मेजावर मांडलेला असला तर गाणे आवडलेला मनुष्य त्यासाठी वाट वाकडी करून येतो. फुकटचा वाटा राखावा तो ध्वनियोजना सांभाळणाऱ्या कारागिराला, आपल्या आधी व नंतर वाजविणाऱ्या बँडांना, चहाच्या टपरीवाल्याला, आणि पैसे नसल्यामुळे वस्तू परत ठेवून देणाऱ्या शाळकरी पोराला. या शेवटच्याला दिलेला बिल्ला सर्वांत दूर प्रवास करतो, असा माझा समज आहे.

मेज कोठे असावे याची तजवीज संयोजकांशी आधीच बोलून करावी, आणि विक्रीत त्यांचा हिस्सा आहे काय हेही त्याच वेळी विचारावे. काही ठिकाणी तो असतो, आणि कार्यक्रम संपल्यावर कळला म्हणजे कटुता येते. मेजावर उजेड असावा. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु सभागृहाच्या कोपऱ्यात अंधारात मांडलेला माल दिसतच नाही, आणि सायकलच्या दिव्याएवढा एक दिवा विक्री दुप्पट करून जातो, असे म्हटले तर ती फार अतिशयोक्ती होणार नाही. मेजाशी बँडचाच एक सभासद पहिल्या दहा मिनिटांत येऊन उभा राहिला पाहिजे. तारा गुंडाळणे पुढे करता येते. श्रोता थांबत नाही.

व्यवहार वाढू लागला की एखादा उत्साही इसम येऊन ‘माल मी काढतो, तुम्ही फक्त नाव द्या’ असे म्हणेल. त्याला होकार देण्यापूर्वी बीटल्स या इंग्रज बँडचा इतिहास वाचावा. अमेरिकेत १९६४ साली त्यांच्या नावाच्या वस्तूंचा पूर आला, तेव्हा तो मक्ता ज्या सेल्टाएब कंपनीकडे गेला तिचे नाव बीटल्सचेच इंग्रजी स्पेलिंग उलट लिहून बनविलेले होते. आणि व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइनच्या वकिलाने मान्य केलेल्या करारान्वये उत्पन्नाचे १० टक्के बँडच्या पक्षाकडे व ९० टक्के त्या कंपनीकडे जाऊ लागले. चूक उमगल्यावर हिस्सा वाढवून मिळाला आणि प्रकरण कोर्टकचेरीतही गेले, परंतु तोवर ऐन तेजीचा काळ हातचा निघून गेलेला होता. नाव देताना मुदत, वस्तूंची यादी, नगसंख्या आणि दर नगामागचा मोबदला या चार बाबी कागदावर आल्याखेरीज मान हलवू नये.

राहिली एक अप्रिय बाब. महाविद्यालयातले बँड शिक्षण संपताच, नोकऱ्या लागताच किंवा परगावी बदल्या होताच फुटतात. म्हणून मालावर सभासदांची नावे, छबी वा सालवार दौऱ्याच्या तारखा छापू नयेत, म्हणजे एखादा गायक गेल्यावर दीडशे बिल्ले निकामी होत नाहीत. खूण कोणाची, शिल्लक माल कोणाचा आणि पेटीतील रक्कम कोणत्या प्रमाणात वाटावयाची, हे सर्वजण गोडीत असतानाच एका कागदावर लिहून सह्या कराव्यात. बिल्ल्याचे यंत्र ज्याच्या घरी असेल त्याच्याकडेच राहील, असेही मोघम ठरवू नये. पाच जणांची वर्गणी असेल तर त्या दिवशीच्या बाजारभावाने किंमत धरून, ज्याला यंत्र हवे त्याने उरलेल्या चौघांचे हिस्से रोख चुकते करावेत आणि पावती घ्यावी.